शाळाबाह्य कोण?

पोस्ट लांबलीय. वेळ असेल तरच वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका, एवढी विनंती.

गेल्या सोमवारी सकाळी सकाळी फोन आला. "पत्रकार, एक नंबर बातमी आहे. चांगल्या शिकल्या-सवरल्या घरातली दोन पोरं शाळाबाह्य! सर्वेक्षणात सापडलीत. आई बँकेत होती, बापाचं दुकान आहे, आणि पोरं घरी बसवलीत. सरळ सरळ कायद्याचं उल्लंघन. उद्याच्या अंकात लावा."

घर कुठलं ते मला लगेच कळलं. तुम्हालाही कळेल, पण पोरं लहान आहेत म्हणून नाव देत नाही. नवरा कृषी सेवा केंद्र चालवतो, माझ्या ओळखीचा आहे. त्याची बायको तीन वर्षांपासून मुलगी आणि मुलगा, दोघांना घरीच शिकवते. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा आठचा.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करतो. दोन वर्षांपूर्वी मी इथंच, याच भिंतीवर दोन ओळी लिहिल्या होत्या. आईला वेळ आणि बापाला पैसा असला की पोरांना शाळेत न घालण्याची फॅशन सुचते, असा काहीतरी अर्थ होता. भरपूर लाइक मिळाले. तेव्हा मी त्या घरात पाऊलही टाकलेलं नव्हतं. ऐकीव माहितीवर लिहिलं होतं. पत्रकारितेचा डिप्लोमा करताना पहिल्याच आठवड्यात शिकवलेली गोष्ट मी विसरलो होतो, जागेवर जाऊन बघायचं.

म्हणून मंगळवारी गेलो.

दार वहिनींनीच उघडलं. "या भावजी. तुमच्या त्या दोन ओळी मला पाठ आहेत," म्हणाल्या. हसत म्हणाल्या, पण म्हणाल्याच. मी खाली बघून चपला काढल्या.

घर आवरलेलं नव्हतं. हॉलमध्ये सतरंजीवर कापडांचे तुकडे, कात्री, दोऱ्याची रिळं, बाजूला शेंगांची टोपली. मी इकडं तिकडं बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "सकाळपासून रात्रीपर्यंत चार माणसं इथंच काहीतरी करत असतात. आवरलेलं घर बघायचं असेल तर शेजारी जा. तिथं दिवसभर कोणी नसतं."

भिंतीवर सिमेंटच्या पोत्याच्या कागदावर काढलेला एक नकाशा होता. घरापासून बाजारपेठेपर्यंतचा रस्ता. धाकट्यानं पावलं मोजून काढलेला. पुस्तकं ठेवायला फळांच्या लाकडी पेट्या घासून, रंगवून एकावर एक लावलेल्या. दारावर जुन्या बांगड्यांना लोकर गुंडाळून केलेलं तोरण. कोपऱ्यात गणपतीचं मखर उभं. वॉशिंग मशीनच्या खोक्याचा पुठ्ठा, जुनी वर्तमानपत्रं आणि घरी शिजवलेली खळ. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हा आपल्या गावात मखराचं काय करायचं म्हणून केवढी ओरड झाली होती, आठवतंय ना? वर्तमानपत्रांच्या थरात मला माझीच एक बातमी दिसली. म्हटलं, चला, कुठंतरी टिकली.

पण बातमी खरी सतरंजीवर होती.

वाकळ. आपल्याकडं घरोघरी असते तीच, आजीच्या जुन्या लुगड्यांची. मुलीनं ती उलगडून दाखवली. चौकोनी तुकडे. काही पांढरे, काही पिवळे, काही हिरवे, मधेच गडद निळे. मी म्हटलं, छान डिझाइन आहे. ती म्हणाली, "काका, डिझाइन नाहीये. पाऊस आहे."

झालं असं की, १ जूनपासून या पोरांनी अंगणात एक काचेची बरणी ठेवली. सरळ उभ्या भिंतींची, म्हणजे तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं. अशी बरणी असली की आतल्या पाण्याची उंची पट्टीनं मोजली तरी थेट पावसाचे मिलिमीटर मिळतात. रोज सकाळी साडेआठला मोजायचं आणि बरणी रिकामी करायची. साडेआठच का, तर हवामान खात्याचा दिवसही सकाळी साडेआठलाच बदलतो. अडीच मिलिमीटरच्या आत पाऊस असेल तर खातं त्याला पावसाचा दिवस धरत नाही, म्हणून त्या दिवसाचा तुकडा पांढरा, आजोबांच्या धोतराचा. हलका पाऊस पिवळा. त्याच्या वर मध्यम, तो हिरवा. ६४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त म्हणजे मुसळधार, तो निळा, आईच्या जुन्या साडीचा. १ जून ते ३० सप्टेंबर, एक दिवस एक तुकडा.

किती तुकडे झाले? मुलीनं मला विचारलं. मी बोटं मोजायला लागलो. "१२२," तीच म्हणाली. "आणि तिथंच घोळ झाला. १२२ चा नीट चौकोन होतच नाही. दोनानं भागलं की ६१ येतात, आणि ६१ ला कशानंच भाग जात नाही. मग वाकळ दोन तुकडे रुंद आणि ६१ तुकडे लांब होईल." धाकटा मधेच ओरडला, "सापासारखी!" मग दोन दिवस डोकं खाजवल्यावर तिलाच सुचलं, ११ गुणिले ११ म्हणजे १२१. एक उरतो. तो ३० सप्टेंबरचा तुकडा मागच्या बाजूला लावला आणि त्यावर दोऱ्यानं वर्ष विणलं.

धाकट्याचा शोध वेगळा. कापताना तुकडा आठ इंची आणि शिवल्यावर सात इंची. मग एक इंच गेला कुठं? दोन दिवस तो आजीच्या मागं लागला होता. शेवटी आजीनं शिवण उसवून दाखवली, दोन्ही कडांना अर्धा अर्धा इंच आत दुमडलेला. आता तो कुठल्याही कपड्याची शिवण उलटी करून बघतो. माझ्या शर्टाचीही बघितली.

धावदोरा घालणारी आजी सत्तरीच्या पुढची. शाळेत दुसरीपर्यंत गेलेली. त्या घरातली शिवणकामाची शिक्षिका तीच.

मी जरा सावरून माझा ठेवणीतला प्रश्न काढला. "पण वहिनी, शाळेला एवढा विरोध का?"

"विरोध कोण करतंय? मी स्वतः शाळेत शिकले, कॉलेजात शिकले, परीक्षा देऊन बँकेत लागले. मला एका गोष्टीचा वैताग आला होता. पोरगी दुसरीत होती. संध्याकाळी मी बँकेतून यायची आणि तिचा प्रकल्प मी करायची. थर्मामीटर मी चिकटवायचा, चित्र मी रंगवायचं, आणि शेरा तिला मिळायचा, 'छान'. एकदा तिनंच विचारलं, आई, छान कोणाला म्हटलंय? त्या दिवशी माझं डोकं फिरलं." मग त्या थांबल्या. "तुमच्या छकुलीचा मागचा प्रकल्प कोणी केला, भावजी?"

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? माझी मुलगी सातवीत आहे. तिचा मागचा प्रकल्प पवनचक्कीचा होता. आदल्या रात्री दहा वाजता लक्षात आलं. स्टेशनरीवाल्याला फोन करून शटर उघडायला लावलं, तयार पवनचक्की साडेतीनशे रुपयांना आणली, आणि तिच्या आईनं खाली नाव लिहिलं. अक्षर तिच्या आईचं चांगलं आहे म्हणून. दहापैकी दहा मिळाले. पवनचक्की फिरते कशानं, हे आमच्या तिघांपैकी कोणाला सांगता आलं नसतं.

तुमच्यापैकी किती जणांनी असा प्रकल्प विकत आणलाय? कमेंटमध्ये नका सांगू, मनात मोजा.

वहिनींची बाकीची मतंही ऐकण्यासारखी होती. मोबाईल घरात आहे, पण पोरांचे फोटो-व्हिडिओ त्या कुठंही टाकत नाहीत. "रीलसाठी केलं की पोरं वाकळीकडं बघत नाहीत, कॅमेऱ्याकडं बघतात." वाढदिवसाला चकचकीत फुगे नाहीत, ज्याचा वाढदिवस त्यानं इतरांसाठी काहीतरी करून द्यायचं. शिकवणी नाही. भांडण मात्र रोज, "दोन्ही पोरांचं आणि माझं."

आता दुसरी बाजू. नाहीतर म्हणाल, पत्रकार एक चहा पिऊन पलटला.

मी विचारलं, अवघड काय जातं? त्यांनी लपवलं नाही. "मला आजारी पडायला सुट्टी नाही. नोकरी गेली, तिच्याबरोबर माझा पगार गेला, माझा डबा खायच्या मैत्रिणी गेल्या. लोक म्हणतात, घरीच असते ना, वेळच वेळ. आणि हा," धाकट्याकडं बोट, "दुपारभर दारात उभा राहतो. गल्लीतली पोरं पाचला सुटतात. तोवर याला खेळायला कोणी नाही."

हे मला टोचलं. आणि म्हणूनच मी आजही म्हणेन की होमस्कूलिंग हा आपल्या गावाचा इलाज होऊ शकत नाही. त्याला एका माणसाची कमाई सोडावी लागते, आणि ते माणूस दहापैकी नऊ वेळा बाईच असते. घरात पुस्तक लागतं, अंगण लागतं, शिकलेली आई लागते, दोरा ओवून देणारी आजी लागते. शाळेच्या बाकावर जे कारखान्यातल्या कामगाराचं, डॉक्टरचं आणि घरकामवालीचं पोर शेजारी शेजारी बसतं, ते हॉलमधल्या सतरंजीवर बसत नाही. आणि शाळेतली खिचडी हे काही पोरांचं दिवसातलं पहिलं गरम जेवण असतं, हेही विसरू नका.

कायद्याचं काय? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. ६ ते १४ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य आहे, असं त्यात लिहिलंय. पण पालकाला त्यासाठी शिक्षा सांगितलेली नाही. होमस्कूलिंग हा शब्दच त्या कायद्यात नाही. दुसरीकडं सरकारचीच मुक्त विद्यालयं आहेत, राष्ट्रीय आहे आणि आपल्या राज्याचं वेगळं आहे, जी घरी शिकलेल्या मुलांची परीक्षा घेतात. दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेले तर तुमच्या-माझ्या ओळखीत कितीतरी असतील. म्हणजे एका खिडकीत नाही म्हणतात आणि दुसऱ्या खिडकीत फॉर्म देतात. वहिनींनी मुक्त विद्यालयाची सगळी माहिती काढून ठेवलीय.

सर्वेक्षणाला आलेल्या बाईंनाही मी भेटलो. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. मतदार यादी, सर्वेक्षण, ऑनलाइन माहिती, आणि उरलेल्या वेळात शिकवणं, असा त्यांचा दिवस. बिचाऱ्या म्हणाल्या, "सर, मी ती वाकळ हातात घेऊन बघितली. पण फॉर्ममध्ये 'शिकतंय, पण शाळेत नाही' असा रकानाच नाही. शाळेत नाव आहे का, नाही. म्हणून शाळाबाह्य लिहिलं." मग सहज मी विचारलं, कारखान्याच्या रस्त्यावरच्या कोप्यांमध्ये किती सापडली? त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "दुपारी गेले होते. आईबाप फडावर. मुकादम म्हणाला, सगळ्यांची नावं गावाकडं शाळेत आहेत. नाव आहे म्हटल्यावर मी काय लिहिणार?"

तिथं माझी बातमी बदलली.

बुधवारी संध्याकाळी मी कोप्यांवर गेलो. ऊसतोडीचा हंगाम आहे, बीडकडच्या टोळ्या दिवाळीनंतर आल्यात. उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता, पहाटे फडात आणि परत यायचा नेम नाही. कोपीबाहेर एक मुलगी बसली होती. वय विचारलं तर अकरा. साडीच्या झोळीत धाकटा भाऊ, पायानं झोळी हलवत होती आणि हातानं वाढ्याच्या पेंढ्या मोजत होती. विकलेल्या किती, उरलेल्या किती, पैसे किती व्हायला हवेत, सगळं तोंडी. मी म्हटलं, कितवीला आहेस? "पाचवीला. गावाकडं." शेवटची शाळेत कधी गेलीस? "दिवाळीच्या आधी." मग तिनंच विचारलं, "इथली शाळा आम्हाला घेती का?"

घेते. घ्यायलाच पाहिजे. साखरशाळा पूर्वी कारखान्यांच्या आवारात चालायच्या. आता स्थलांतर करून आलेल्या मुलाला जवळच्या शाळेत बसवायचं, त्यासाठी शिक्षण हमी कार्ड द्यायचं, अशी व्यवस्था कागदावर आहे. आपल्याच सरकारच्या व्याख्येनं महिनाभर सलग गैरहजर राहिलेलं मूलही शाळाबाह्यच. म्हणजे जिच्याकडं दोनशे पुस्तकं आहेत, जी पावसाच्या तुकड्यांवरून ६१ ही मूळ संख्या शोधते, तिची नोंद शाळाबाह्य. आणि जी दिवाळीपासून शाळेत गेलीच नाही, तिची नोंद हजर. मला फोन करणाऱ्यांनी पहिल्या घराचा पत्ता दिला. कोपीचा पत्ता इतक्या वर्षांत एकदाही कोणी दिला नाही. आणि खरं सांगायचं तर मीही कधी मागितला नाही.

आता मला काय म्हणायचंय ते सांगतो.

वहिनींच्या सतरंजीवर जे चाललंय ते काही परदेशातून आलेलं खूळ नाही. १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली होती, तिथं गांधीजींनी हेच मांडलं, हातानं करायच्या कामातून सगळे विषय शिकवायचे. नयी तालीम म्हणतात ती हीच. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. कलबागांनी विज्ञान आश्रम काढला तो याच विचारानं. आपल्या शाळांत कार्यानुभव हा विषय त्यासाठीच आला. आता २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना, गावातल्या सुताराकडं, कुंभाराकडं, माळ्याकडं शिकायला पाठवा, असं लिहिलंय. आनंददायी शनिवारही आहेच.

कागदावर सगळं आहे. प्रत्यक्षात कार्यानुभवाचा तास गणिताला जातो, आणि गणितातलं गणित घरी येतच नाही. एक आई नोकरी सोडून तेच आपल्या दोन पोरांना देते. जिला नोकरी सोडणं परवडत नाही तिच्या पोराला कोण देणार? शाळेनंच द्यायला पाहिजे. ज्या घरात आजी नाही, अंगण नाही, तिथल्या पोराला त्याची जास्त गरज आहे.

त्या कोपीवरच्या पोरीला तर हिशेब येतोच. तिला फक्त कोणीतरी सांगायला हवंय की, बाई, तू पेंढ्या मोजतेस ना, त्यालाच गणित म्हणतात, चल, पुढचं शिकू.

मी हे नुसतं लिहून थांबलो नाही. गुरुवारी मुख्याध्यापकांना भेटलो. आधी जरा बिचकले, "पेपरात काय येणार?" म्हणाले. मग वाकळीचा फोटो बघितला आणि म्हणाले, शनिवारी सकाळचे दोन तास देतो. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, "येते. पण एका अटीवर, माझी पोरं पण त्यांच्यात बसणार." धाकट्यानं ते ऐकून आतून उडीच मारली.

येत्या शनिवारी आठ वाजता सुरुवात. वर्गाची एक वाकळ शिवायची. पाऊस आता नाही, म्हणून सकाळच्या तापमानाची. थर्मामीटर मी देतोय, आणि या वेळी विकतचा प्रकल्प नाही.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्यात.

शिंपी मंडळींनी कटपीस आणि चिंध्या बाजूला ठेवाव्यात, मी दुकानावर येऊन घेऊन जाईन.

ज्यांना वाकळ शिवता येते अशा आज्या, मावश्या, काकवा, त्यांनी शाळेत यावं. खुर्ची आणि चहा नक्की. कामट्यांचा आकाशकंदील बांधणारे, सुतारकाम येणारे कोणी असतील तर पुढच्या शनिवारांसाठी नाव द्या.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. कोप्यांवरून शाळा दीड-दोन किलोमीटर आहे, मधे कारखान्याचा रस्ता, उसाच्या ट्रॉल्यांची रांग. मी मोजली तेव्हा शाळेच्या वयाची चौदा मुलं होती. मुख्याध्यापक नावं घ्यायला तयार आहेत. पण पोरांना रोज न्यायचं-आणायचं कोणी? आणि त्या पोरीचा धाकटा भाऊ तेवढा वेळ कोणाकडं राहणार? अंगणवाडीशी बोलणं चालू आहे. गाडीचं अजून जमलेलं नाही. कोणाची रिक्षा, टेंपो, काही असेल तर मला फोन करा. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंतच आहे, त्यानंतर टोळ्या परत जातील.

सोमवारी फोन करणाऱ्या मित्रालाही ही पोस्ट पाठवतोय. त्याच्याकडं मोठी गाडी आहे.